वहिनींनी जजच्या निवडणुकीला उभं राहावं का?

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून एका वाचकाने विचारलंय. त्यांच्या वहिनी सतरा वर्षं सँटा क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) पब्लिक डिफेंडर कार्यालयात आहेत. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू त्या सरकारी पगारावर लढवतात. आता त्यांना तिथल्याच सुपीरियर कोर्टाच्या जजपदासाठी निवडणूक लढवायची आहे आणि घरात दोन तट पडलेत. पुण्याहून सासरे फोनवर म्हणाले, "न्यायाधीशाने दारोदार मतं मागायची? मग तो न्याय काय देणार?" वाचकाचे माझ्यासाठी तीन प्रश्न आहेत. निवडून यायची शक्यता किती? मराठी नाव आडवं येईल का? आणि नातेवाइकांनी, महाराष्ट्र मंडळाने नेमकी काय मदत करावी?

मी ईस्ट बेमध्ये चोवीस वर्षं वकिली करते, बहुतेक घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याची प्रकरणं. एकदा स्वतः उभी राहिले आणि पडले. नंतर दोन मैत्रिणींच्या प्रचार समित्यांचे हिशेब सांभाळले, त्यातली एक आज बेंचवर, म्हणजे जजच्या खुर्चीत आहे. तेव्हा हे जिंकलेल्या माणसाचं उत्तर नाही, पण पडलेल्या माणसाला रस्त्यातले खड्डे जरा जास्त पाठ असतात.

आधी सासऱ्यांचा प्रश्न, कारण तो रास्त आहे. आपल्याकडे वकिलाला थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर राज्यघटनेच्या कलम २३३ प्रमाणे सात वर्षं वकिली हवी, मग परीक्षा, मुलाखत, उच्च न्यायालयाची शिफारस आणि राज्यपालांची नेमणूक. मतदार त्यात कुठेच नाही. इथे अमेरिकेतही फेडरल जज राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि ते तहहयात राहतात. राज्यांचं मात्र वेगळं आहे. मिसिसिपीने १८३२ साली सगळे न्यायाधीश मतदानाने निवडायचं ठरवलं, १८४६ मध्ये न्यू यॉर्कने तेच केलं आणि मग लाटच आली. त्यामागचा विचार असा, की गव्हर्नर आणि विधिमंडळाच्या मर्जीतल्या लोकांची कोर्टात सोय लावली जाते, ते बंद करायचं तर नेमणुकीचा हक्क लोकांकडे द्या. म्हणजे ज्या रोगाची भीती सासऱ्यांना वाटते, त्याच रोगावर इथल्या लोकांनी निवडणूक हे औषध काढलं. औषधाचे दुष्परिणाम आहेतच, त्यावर पुढे येते.

कॅलिफोर्नियाची पद्धत अर्धी-अर्धी आहे. सुपीरियर कोर्टाच्या जजची मुदत सहा वर्षांची. पात्रता दहा वर्षांच्या वकिलीची, ती वहिनींनी कधीच ओलांडली. कागदोपत्री हे निवडणुकीचं पद आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक जज गव्हर्नरच्या नेमणुकीने येतात. कोणी मुदतीच्या मध्ये निवृत्त झालं की जागा गव्हर्नर भरतो. त्यासाठी लांबलचक अर्ज भरायचा, मग स्टेट बारचा, म्हणजे राज्याच्या वकील संघटनेचा एक आयोग तुमच्याबद्दल तुमच्या विरोधात लढलेल्या वकिलांना आणि तुम्ही ज्यांच्यासमोर उभे राहिलात त्या जजना गुप्तपणे विचारतो. वकिली वर्तुळात या आयोगाला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'जेनी' म्हणतात, जणू कोणी चौकस आत्याबाई. वहिनींनी हा अर्ज केला नसेल तर आधी तो करावा. निवडणुकीची तयारी आणि अर्ज दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, त्यात काही कमीपणा नाही.

नेमणुकीने आलेल्या जजलाही पुढे निवडणुकीला सामोरं जावं लागतं, पण समोर कोणी उभं राहिलं नाही तर त्याचं नाव मतपत्रिकेवर छापलंही जात नाही. तो आपोआप निवडून येतो. माझ्या शेजाऱ्यांना हे सांगितलं तर त्यांना पटत नाही. ते म्हणतात, आम्ही दर वेळी मतदान करतो, मग हे बाकीचे जज आले कुठून?

म्हणून पहिला हिशेब जागेचा. जज मुदत संपताना पुन्हा अर्ज भरत नाही ती मोकळी जागा. दुसरी, जिथे जज पुन्हा उभा आहे. दुसऱ्या प्रकारच्या जागेवर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्या जजने काही गंभीर केलं असेल तर गोष्ट वेगळी. कारण साधं आहे. तुम्हाला मनातून पाठिंबा देणारा वकीलही उघड सही करणार नाही, त्याला सोमवारी सकाळी साडेआठला त्याच जजसमोर उभं राहायचं असतं. मी हीच चूक केली होती. फोनवर "तुम्हीच यायला हव्यात" म्हणणारे किती होते! पाठिंब्याच्या यादीत नाव टाकू का विचारलं की खोकला यायचा.

मोकळ्या जागा मात्र फार थोड्या असतात आणि उशिरा कळतात. जजपदाच्या उमेदवाराला इतरांच्या आधी इरादापत्र भरावं लागतं. प्रायमरी, म्हणजे मतदानाची पहिली फेरी, मार्चमध्ये असेल तर आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जूनमध्ये असेल तर त्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला. खिडकी जेमतेम दहा दिवसांची. फी पदाच्या वार्षिक पगाराच्या १ टक्का, म्हणजे दोन-अडीच हजार डॉलरच्या घरात. प्रत्येक जागेला नंबर असतो, 'ऑफिस नंबर अमुक', आणि तुम्ही नंबर निवडून उभे राहता. शेवटच्या दोन दिवसांत निवडणूक कार्यालयात कोण कुठल्या नंबरवर भरतंय हे बघत बसलेले वकील मी पाहिलेत, एसटी स्टँडवर रुमाल टाकायला टपलेल्या प्रवाशांसारखे. प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली की तिथेच निकाल, नाहीतर पहिले दोघं नोव्हेंबरमध्ये पुन्हा लढतात.

आता मुख्य गोष्ट. ही निवडणूक बाकी कुठल्याही निवडणुकीसारखी नाही, कारण यात उमेदवाराला आश्वासन देता येत नाही. रस्ते करीन, कर कमी करीन असं म्हणायला इथे काही नसतं, आणि "चोरांना सोडणार नाही" म्हणायला बंदी असते. कॅलिफोर्नियाच्या न्यायिक आचारसंहितेचा पाचवा नियम सांगतो, की कोर्टासमोर येऊ शकेल अशा वादात आपण कसा निकाल देऊ याची बांधिलकी दाखवणारं काही बोलू नका. हा नियम आधीच जज असलेल्यांना आहे तसाच उभ्या राहिलेल्या वकिलालाही आहे. त्याचा एक अभ्यासवर्गही सक्तीचा असतो. २००२ साली मिनेसोटाच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराला वादग्रस्त कायदेशीर प्रश्नांवर मत मांडायची मोकळीक दिली, हे खरं. पण मत मांडणं आणि निकालाचा शब्द देणं यांच्यामधली वाट फार अरुंद आहे, आणि सार्वजनिक सभेत हातात माईक असताना ती आणखी अरुंद होते.

फ्रीमाँटच्या शेतकरी बाजारात एका रविवारी मी पत्रकं वाटत होते. सत्तरीचे एक गृहस्थ थांबले, पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "माझा भाडेकरू आठ महिने भाडं देत नाही. तुम्ही जज झालात तर काय कराल?" मी म्हटलं, "तुमचंही ऐकीन आणि त्याचंही, मग कायद्यात बसेल ते करीन." त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि मला परत दिलं. रागावून नाही, उगाच कागद वाया नको म्हणून. शेजारच्या टेबलावर सिटी कौन्सिलचा उमेदवार होता, त्याने त्यांना दोन मिनिटांत भाडेकायदा बदलायचं वचन दिलं. त्याचं पत्रक त्यांनी खिशात ठेवलं.

वहिनींना हे आणखी जड जाईल. त्या आरोपींच्या वकील आहेत. समोर बहुधा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या कार्यालयातला, म्हणजे सरकारी पक्षाचा वकील असेल, आणि त्याला 'मी गुन्हेगारांविरुद्ध लढतो' हे न बोलताही सांगता येतं. वहिनींना विचारतील, "तुम्ही बलात्काऱ्यांचाही बचाव केलात ना?" याचं उत्तर आजच तयार ठेवायला सांगा. माझं मत विचाराल तर उत्तर लाजत देऊ नये. सरकारने एखाद्याला तुरुंगात टाकायच्या आधी पुरावा तपासायला लावणं हेच काम सतरा वर्षं केलं, आणि जजचं अर्धं काम तेच असतं.

सँटा क्लारा काउंटीत या प्रश्नाला अजून एक जखम आहे. स्टॅनफर्डचा विद्यार्थी ब्रॉक टर्नर याला लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात जज अ‍ॅरन पर्स्की यांनी २ जून २०१६ रोजी सहा महिन्यांची काउंटी तुरुंगाची शिक्षा दिली आणि देशभर संताप उसळला. गंमत बघा, पाचच दिवसांनी ७ जूनला त्यांच्या जागेची निवडणूक होती. समोर कोणी नव्हतं, म्हणून मतपत्रिकेवर नावच नव्हतं आणि ते सहा वर्षांसाठी आपोआप निवडून आले. मग सह्यांची मोहीम झाली आणि ५ जून २०१८ रोजी मतदारांनी मत देऊन त्यांना पदावरून काढलं. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. शिक्षा फार सौम्य होती असं मलाही वाटलं होतं. तरीही मी त्या मोहिमेच्या विरोधात होते आणि बरेच पब्लिक डिफेंडरही विरोधात होते. आमची भीती अशी, की सौम्य शिक्षेमुळे खुर्ची जाते हे एकदा दिसलं की प्रत्येक जज हात आखडता घेतो, आणि त्याचा फटका स्टॅनफर्डच्या मुलाला बसत नाही, पब्लिक डिफेंडरच्या अशिलाला बसतो. वहिनींचं मत यावर काय होतं हे त्यांना नक्की विचारलं जाईल. पाठिंबा असो की विरोध, जे तेव्हा म्हटलं तेच आज म्हणावं.

बरं, मतदार ठरवतो कशावरून? कॅलिफोर्नियात या निवडणुकीत पक्षाचं नाव नसतं. बहुतेकांना उमेदवार माहीत नसतो, आणि कितीतरी जण तो रकाना कोराच सोडतात. जे खूण करतात ते नावाखालची एक ओळ वाचतात, ती म्हणजे व्यवसाय. नियमाप्रमाणे साधारण तीन शब्द. या तीन शब्दांवर कोर्टात खटले चालतात, चेष्टा नाही! पूर्वी सरकारी वकील तिथे 'टोळीखून प्रकरणांचे वकील' अशा थाटाचं काहीतरी लिहायचे, आणि ते वाचून कोण दुसऱ्याला मत देईल? २०१७ साली कायदा बदलला. आता सरकारी नोकरीतल्या वकिलाने प्रत्यक्ष हुद्दा आणि काउंटीचं नाव लिहायचं. खासगी वकिलाने नुसतं 'अ‍ॅटर्नी', 'लॉयर' यांसारखं काही. वहिनींच्या नावाखाली 'डेप्युटी पब्लिक डिफेंडर, काउंटी ऑफ सँटा क्लारा' येईल. ते खोडून काही गोड करायच्या नादाला लागू नका.

मतदार पुस्तिकेत निवेदन छापता येतं, बहुधा दोनशे शब्दांचं. त्यात फक्त स्वतःची पार्श्वभूमी लिहायची. पक्ष नाही, प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख नाही. खर्च उमेदवाराचा, तोही आगाऊ, आणि मोठ्या काउंटीत तो सहज पाच आकड्यांत जातो. पैसे कमी असतील तर फलक, टोप्या, पेनं सगळं रद्द करा, पण हे निवेदन छापाच. घरी येणारी बाकीची पत्रकं लोक कचऱ्यात टाकतात, ही पुस्तिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतदानापर्यंत राहते.

आणखी एक चीज म्हणजे स्लेट मेलर. अमुक मतदारांचं मार्गदर्शक वगैरे भारदस्त नावाचं कार्ड घरी येतं, त्यावर शिफारस केलेल्या उमेदवारांची यादी असते. काही नावांपुढे बारीक चांदणी दिसते. तिचा अर्थ, या माणसाने इथे नाव येण्यासाठी पैसे मोजलेत. मी एकदा मोजले होते. अजून टोचतं.

आता नावाचा प्रश्न. खोटं कशाला सांगू, नावाने फरक पडतो. २००६ साली लॉस एंजेलिसमध्ये जिंत्रा यानाव्स नावाच्या जज होत्या, लॅटव्हियात जन्मलेल्या, वीस वर्षं बेंचवर. तिथल्या बार असोसिएशनने त्यांना सर्वोच्च श्रेणी दिली होती. समोर लिन डायन ओल्सन, वकील, पण तेव्हा बेगलचं दुकान चालवणाऱ्या. त्यांना 'अपात्र' शेरा. जिंकल्या ओल्सन. मतदार अनोळखी नावाला बिचकले असंच तेव्हा सगळे म्हणाले. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी यानाव्स यांना पुन्हा नेमलं, तो भाग निराळा. शिकागोच्या कुक काउंटीत तर आयरिश नावं जिंकतात म्हणून वकील चक्क नाव बदलायला लागले. शेवटी कायदा करावा लागला, की अलीकडे बदललं असेल तर जुनं नावही मतपत्रिकेवर छापा.

दुसरी बाजूही आहे. टेक्सासच्या फोर्ट बेंड काउंटीत २०२२ साली सुरेंद्रन पट्टेल डिस्ट्रिक्ट जज झाले. केरळात वकिली केलेले, २००७ मध्ये इकडे आलेले, २०१७ मध्ये नागरिक झालेले. पण टेक्सासमध्ये जज पक्षाच्या नावावर लढतो. प्रायमरी पार केली की पक्षाची मतं पाठीशी येतात. (तिकडचे नातेवाईक 'काउंटी जज' म्हणतील तर गोंधळू नका. टेक्सासात तो मुख्यतः काउंटीचा कारभारी असतो.) वहिनींना ती शिडी नाही. पण सँटा क्लारात निम्म्या वर्गांच्या हजेरीपटावर भारतीय, चिनी, व्हिएतनामी नावं आहेत, तिथे २००६ च्या लॉस एंजेलिसची भीती तितकीशी लागू नाही. नाव तोडून 'अ‍ॅनी' किंवा 'शेली' करू नका. सतरा वर्षं कोर्टात ज्या नावाने हाक मारली गेली तेच छापा. फक्त स्पेलिंग तीन जणांकडून तपासून घ्या. माझ्या पत्रकांवर छापखान्याने आडनावातलं एक अक्षर गाळलं आणि ते मला चार हजार प्रती घरी आल्यावर दिसलं. अजून गॅरेजमध्ये खोकी आहेत. मुलगी पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवते.

राहिला मदतीचा प्रश्न, आणि इथे आपली माणसं प्रेमापोटी उमेदवाराला अडचणीत आणतात.

सासऱ्यांनी पुण्याहून एक डॉलरही पाठवायचा नाही. परदेशी नागरिकाने अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला, अगदी गावपातळीच्याही, पैसे देणं हा फेडरल गुन्हा आहे. एच-वनवर असलेल्यांनाही हेच लागू. ग्रीनकार्डवाले देऊ शकतात, मतदान मात्र फक्त नागरिक करतात. माझ्या मैत्रिणीच्या समितीला नाशिकच्या एका मुलाने अडीचशे डॉलरचा चेक दिला होता, पहिल्या पगारवाढीतून. व्हिसा विचारला आणि चेक परत केला. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग तो प्रत्येक शनिवारी विनामोबदला दारं ठोठावत फिरला, आणि ते कायद्यात बसतं.

पाकीट नको. आपल्याकडे शुभकार्याला एकशे एक द्यायची पद्धत. इथे निवडणुकीला शंभर किंवा जास्त डॉलर रोख देता-घेता येत नाहीत, म्हणजे आपलं शकुनाचं पाकीट नेमकं बेकायदा. चेक द्या. आणि शंभरपासून पुढे देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय, कंपनी हे सगळं नोंदवावं लागतं आणि ते कोणालाही पाहता येतं, हे आधी सांगा.

मंडळाने पाठिंबा जाहीर करू नये. बहुतेक मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था आहेत आणि १९५४ पासून अशा संस्थांना उमेदवाराची बाजू घ्यायला मनाई आहे. गणपतीच्या स्टेजवरून "आपल्या वहिनींना विजयी करा" असं कोणी माईकवर म्हटलं तर मंडळाचा दर्जा धोक्यात येतो. सगळ्या उमेदवारांना बोलावून चर्चा ठेवा, चालेल. अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने, मंडळाचं लेटरहेड न वापरता पाठिंबा दिला तरी चालेल.

वकिलांकडून मिळणाऱ्या पैशाचं वेगळं गणित आहे. फ्लोरिडात उमेदवाराने स्वतः देणगी मागायची नसते, समितीने मागायची. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती बंदी वैध ठरवली. कॅलिफोर्नियात स्वतः मागता येतं, कोर्टाच्या कर्मचाऱ्यांकडे मात्र नाही, म्हणजे ओळखीच्या क्लार्ककडे ना देणगी मागायची ना पाठिंबा. पण एखाद्या वकिलाने पंधराशे डॉलरपेक्षा जास्त दिले तर त्याचं प्रकरण तुमच्यासमोर आलं की तुम्हाला बाजूला व्हावं लागतं, आणि शंभर किंवा जास्त डॉलरची देणगी सुनावणीत सांगावी लागते. म्हणून मी मैत्रिणींच्या समित्यांत वकिलांसाठी कमाल हजाराची रेघ आखली होती. दोघीही कुरकुरल्या. निवडून आलेली आता कुरकुरत नाही.

वहिनींनी कार्यालयाचा फोन, ईमेल, वेळ यातलं काही प्रचाराला वापरू नये. जेवणाच्या सुट्टीत, रस्त्यापलीकडे, स्वतःच्या फोनवरून.

शक्यता किती, या प्रश्नाला मी आकडा देणार नाही. मोकळी जागा, समोर एकच सरकारी वकील, आणि पाठिंब्याच्या यादीत दहा-बारा विद्यमान जज असतील तर उभं राहा म्हणेन. जज लोकांना इतर निवडणुकांत कोणाला पाठिंबा देता येत नाही, पण जजपदाच्या उमेदवाराला देता येतो, आणि ज्यांच्यासमोर वहिनी सतरा वर्षं उभ्या राहिल्या त्यांच्याकडे मागायला संकोच नको. त्यातल्या कोणाला खोकला येतो तेही कळेल. पुढच्या महिन्यात वहिनींनी एवढंच करावं: त्या जजची नावं कागदावर लिहावीत, प्रत्येकापुढे त्याच्यासमोर चालवलेला एक खटला लिहावा, आणि दोनशे शब्दांच्या निवेदनाचा पहिला मसुदा करावा. मसुदा मला पाठवा. पहिल्या वाक्यात 'जिद्द' किंवा 'ध्यास' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द असेल तर मी तो न वाचता परत पाठवीन.